'नाही' कुठे बसवावे? इंग्रजीतील आयएनजी आणि आपला 'न'



इंग्रजी म्हटले की आपल्या घरांत दोन गोष्टींची धास्ती असते, एक स्पेलिंगची आणि दुसरी काळाची. परंतु नोकरीच्या अर्जात, रजेच्या चिठ्ठीत आणि विशेषतः साहेबाच्या मेमोला द्यायच्या उत्तरात खरा घोटाळा होतो तो 'नॉट' या लहानशा शब्दामुळे. हा शब्द एक घर पुढे किंवा मागे सरकला की वाक्याचा अर्थच पालटतो. तोंडी बोलताना चुकले तर लगेच सावरून घेता येते, पण सही करून दिलेला कागद सावरून घेता येत नाही. म्हणून आयएनजी लागलेल्या क्रियापदापाशी 'नॉट' आणि क्रियाविशेषणे कशी बसतात, एवढाच विषय आम्ही या वेळी घेतला आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांनी आणि कामावर जाणाऱ्या मोठ्यांनी तो एकत्र बसून वाचावा.

आधी आपली मराठी पाहू

मराठीतले नकाराचे 'नाही' आणि 'न' हे शब्द घ्या. 'तो येत नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा 'नाही' शेवटी येते. पण 'तो न सांगता गेला', 'न येण्याचे कारण', 'न मिळालेला पगार' असे म्हणताना 'न' आधी येतो. 'सांगता नाही गेला' असे कोणी म्हणत नाही. असे का? 'येत नाही' येथे वाक्य पुरे होते. 'सांगता', 'येण्याचे', 'मिळालेला' ही रूपे क्रियापदापासून झालेली असली तरी वाक्य पुरे करत नाहीत. व्याकरणात त्यांना धातुसाधिते म्हणतात. अशा रूपांच्या आधी आपण 'न' लावतो. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा यात कधी चुकत नाही.

इंग्रजीतले आयएनजीचे रूप याच जातीचे आहे. 'ही कमिंग' हे अपुरे आहे. मध्ये 'इज' आले की 'ही इज कमिंग' हे वाक्य पुरे होते. म्हणून आयएनजीचा 'नॉट' आपल्या 'न' प्रमाणे सहसा त्याच्या आधी येतो. 'ही इज नॉट कमिंग', म्हणजे तो येत नाही. 'नॉट नोइंग द ॲड्रेस, आय वेन्ट टू द राँग ऑफिस', म्हणजे पत्ता माहीत नसल्यामुळे मी चुकीच्या कचेरीत गेलो. 'नॉट हॅविंग रिसीव्हड द लेटर', म्हणजे पत्र न मिळाल्यामुळे. आणि आपले 'न सांगता' हे इंग्रजीत बहुधा 'विदाऊट टेलिंग' असे होते.

येथे दोन चुका टाळाव्यात. पहिली, 'डोन्ट' आणि 'डिडन्ट' यांच्यापुढे आयएनजी कधी लावू नये. 'आय डिडन्ट गोइंग' हे चूक, 'आय डिडन्ट गो' हे बरोबर. दुसरी चूक आपल्याकडे फार ऐकू येते, ती म्हणजे 'आय ॲम नॉट नोइंग'. माहीत असणे, हवे असणे, मालकीचे असणे अशा अर्थाची क्रियापदे 'ॲम', 'इज', 'आर' यांच्यापुढे आयएनजी घेत नाहीत. तेथे 'आय डू नॉट नो' असेच लिहावे. मात्र वरच्या पत्त्याच्या वाक्यासारखे, कारण सांगण्यासाठी आलेले 'नॉट नोइंग' चालते.

पाटीवर 'नो पार्किंग' का?

रस्त्यावरच्या पाटीवर 'नॉट पार्किंग' लिहिलेले कोणी पाहिले आहे काय? नाही, कारण आयएनजीचे रूप दोन कामे करते. कधी ते नाम असते, कधी क्रियापद. जुन्या इंग्रजीत या दोन कामांना दोन वेगळी शेपटे होती, पुढे त्यांचे एकच झाले. पाटीवरचे 'पार्किंग' हे नाम आहे, म्हणून 'नो'. 'ही इज नॉट पार्किंग हिअर' यातले 'पार्किंग' क्रियापद आहे, म्हणून 'नॉट'.

हीच खूण क्रियाविशेषणालाही लागते. 'केअरफुल ड्रायव्हिंग' येथे नाम आहे, म्हणून 'केअरफुल' हे विशेषण आले. 'ड्रायव्हिंग द टेम्पो केअरफुली' येथे पुढे कर्म आले, 'टेम्पो'. म्हणजे ते क्रियापदाचे काम करते आहे, म्हणून 'केअरफुली' हे क्रियाविशेषण. त्याची जागाही पाहावी. मराठीत आपण 'टेम्पो सांभाळून चालवणे' असे म्हणतो, 'सांभाळून' क्रियापदाला चिकटून येते. इंग्रजीत मात्र क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये असा शब्द घुसवत नाहीत. 'ड्रायव्हिंग केअरफुली द टेम्पो' असे लिहू नये.

मेमोचे उत्तर लिहिताना

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ. समजा, एका कामगाराला विचारले आहे की, अमुक दिवशी रजिस्टरवर सही तुम्हीच केली काय? त्याने सही केलेली नाही आणि ते त्याला पक्के आठवते. त्याने लिहायला हवे, 'आय रिमेंबर नॉट साइनिंग द रजिस्टर', म्हणजे सही न केल्याचे मला आठवते. पण घाईत त्याने लिहिले, 'आय डू नॉट रिमेंबर साइनिंग द रजिस्टर'. याचा अर्थ, सही केल्याचे मला आठवत नाही. म्हणजे केलीही असेल! ठाम नकार होता, तो गळून गेला आणि हाती विसराळूपणा राहिला. शब्द जवळजवळ तेच, फक्त 'नॉट' चे घर बदलले.

दुसरे उदाहरण घ्या. न कळवता रजेवर राहिल्याबद्दल खेद कळवायचा आहे. 'आय रिग्रेट नॉट इन्फॉर्मिंग यू' हे बरोबर, न कळवल्याचा मला खेद आहे. 'आय डू नॉट रिग्रेट इन्फॉर्मिंग यू' म्हणजे कळवल्याचा मला खेद वाटत नाही. वाचणाऱ्या साहेबाला हा उद्धटपणाच वाटेल. नियम सोपा आहे. 'नॉट' आपल्या पुढच्या शब्दाला नाकारतो, मागच्याला नाही. काय नाकारायचे ते आधी ठरवावे आणि 'नॉट' त्याच्या दाराशी उभा करावा.

'मुद्दाम' आणि 'नेहमी'

'मी मुद्दाम आलो नाही' या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात. 'मी मुद्दाम आलो नाही, वाटेवर घर लागले म्हणून आलो' हा एक. 'मी मुद्दाम आलो नाही, उगाच तुमची पंचाईत कशाला' हा दुसरा. पहिल्यात माणूस आला आहे, दुसऱ्यात आलेलाच नाही! बोलताना आवाजावरून कळते. इंग्रजीत हे दोन अर्थ दोन जागांनी वेगळे होतात. 'आय वॉज नॉट डेलिबरेटली डिसओबेइंग द ऑर्डर', म्हणजे हुकूम मोडला गेला असेल, पण मुद्दाम नाही. 'आय वॉज डेलिबरेटली नॉट ओबेइंग द ऑर्डर', म्हणजे मी जाणूनबुजूनच हुकूम पाळत नव्हतो. पहिला बचाव आहे, दुसरा कबुलीजबाब आहे.

हा शब्दांचा खेळ नव्हे. १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याखाली जे नमुना स्थायी आदेश करण्यात आले, त्यांतील गैरवर्तनाच्या यादीत आज्ञाभंगाच्या आधी 'विलफुल', म्हणजे जाणूनबुजून, आणि उशिरा येण्याच्या आधी 'हॅबिच्युअल', म्हणजे सवयीने, हे शब्द घातलेले होते. असा शब्द असला की नुसते कृत्य दाखवून आरोप पुरा होत नाही, तो शब्दही लागू व्हावा लागतो. म्हणून 'मुद्दाम' आणि 'नेहमी' या शब्दांपाशी 'नॉट' लावताना दहादा विचार करावा.

'नेहमी' चेही तसेच. 'आय ॲम नॉट ऑलवेज कमिंग लेट' म्हणजे मी नेहमीच उशिरा येत नाही. यात कधीमधी येतो ही कबुली आली. कधीच उशीर केला नसेल तर 'आय हॅव नेव्हर कम लेट' असे लिहावे. आणखी एक बारकावा. 'ही ऑलवेज कम्स लेट' ही नुसती माहिती असू शकते; 'ही इज ऑलवेज कमिंग लेट' यात बोलणाऱ्याचा वैताग असतो. 'जेव्हा बघावे तेव्हा उशिराच!' असा त्याचा सूर आहे.

'अजून' साठी 'स्टिल' वापरतात आणि नकारात ते 'नॉट' च्या आधी येते. 'आय ॲम स्टिल नॉट गेटिंग द पेन्शन' म्हणजे पेन्शन अजून मिळत नाही. आधी मिळत होती आणि आता बंद झाली असेल तर 'आय ॲम नो लाँगर गेटिंग द पेन्शन'. या दोन तक्रारींची चौकशी वेगवेगळी होते, तेव्हा योग्य तोच शब्द घालावा.

शेवटी मुलामुलींसाठी एक धोक्याचा शब्द. 'हार्ड' म्हणजे मेहनतीने, म्हणून त्याला एलवाय लावून 'हार्डली' केले की आणखी छान होईल असे वाटते. तसे नाही. 'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. मुलाखतीत 'आय ॲम वर्किंग हार्ड' म्हणावे. 'आय ॲम हार्डली वर्किंग' म्हटले तर 'मी काम जवळजवळ करतच नाही' असे सांगितल्यासारखे होईल. 'हार्डली' मध्ये नकार मुरलेलाच आहे, त्याला वेगळा 'नॉट' जोडू नये.

आमची सूचना अशी. इंग्रजी पत्र लिहिण्यापूर्वी ते वाक्य मराठीत लिहावे. 'न' कोणत्या शब्दाला लागतो ते पाहून त्याखाली रेघ मारावी. 'मुद्दाम' सारखा शब्द असेल तर वाक्य असे मोडून लिहावे की त्याचा एकच अर्थ निघेल. मग इंग्रजी करावे. पत्र सही करण्याआधी घरातल्या शिकत्या मुलाकडून किंवा मुलीकडून त्याचा पुन्हा मराठीत अर्थ करून घ्यावा. मूळ वाक्य परत आले तर पत्र बरोबर.

घरच्या घरी सोडवा

१. न विचारता मशीनला हात लावू नका.
२. तिकीट न घेतल्याबद्दल त्याला दंड झाला.
३. मला अजून बोनस मिळत नाही.
४. ती खूप मेहनतीने अभ्यास करते आहे.

उत्तरे : १. 'डू नॉट टच द मशीन विदाऊट आस्किंग.' २. 'ही वॉज फाइन्ड फॉर नॉट बाइंग अ तिकीट.' ३. 'आय ॲम स्टिल नॉट गेटिंग द बोनस.' ४. 'शी इज स्टडिइंग व्हेरी हार्ड.'