होलोग्राम, माया आणि आपलं गाळणं



चातुर्मास जवळ आला की आपल्या ग्रुपवर दोन गोष्टींचा पूर येतो. एक, हिरव्या भाजीवाचून रोज काय करायचं याच्या पाककृती. दुसरी, ‘विज्ञानानं आता मान्य केलं’ अशी सुरुवात असलेले संदेश. यंदा होलोग्रामची पाळी आहे. संदेश साधारण असा: हे विश्व म्हणजे एक होलोग्राम आहे हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, दिसतं ते सारं आभास आहे, आणि आपल्या तीर्थंकरांनी हे केव्हाच सांगून ठेवलं होतं. खाली जोडलेल्या हातांची रांग.

माझं मत सरळ सांगते. हा संदेश विज्ञान म्हणून चुकीचा आहे आणि जैन धर्म म्हणून त्याहून चुकीचा आहे. पहिल्या चुकीनं फार काही बिघडत नाही. दुसरीनं मात्र आपल्या घरातल्या आचाराचा पायाच निघून जातो.

आधी होलोग्राम म्हणजे काय ते पाहू. औषधाच्या खोक्यावरचा, हलवला की रंग बदलणारा चंदेरी स्टिकर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. ही कल्पना डेनिस गाबोर या शास्त्रज्ञाला १९४७ साली इंग्लंडमध्ये सुचली. तिच्यासाठी त्यांना १९७१चं नोबेल मिळालं. साध्या फोटोत वस्तूवरून आलेला उजेड किती हेच कागदावर उमटतं. होलोग्राममध्ये लेसरच्या एकाच प्रकाशाचे दोन भाग करतात. एक वस्तूवर आपटून काचेवर येतो, दुसरा थेट काचेवर येतो. दोघांची गाठ पडते तिथे बारीक रेघांची जाळी उमटते. त्या जाळीवर पुन्हा तसाच प्रकाश टाकला की वस्तू समोर ठेवल्यासारखी, खोलीसकट दिसते. अशी काच फुटली तर तुकड्यातही पूर्ण वस्तू दिसते, फक्त अंधूक, आणि छोट्या खिडकीतून रस्ता पाहावा तशी.

आता विश्वाशी याचा संबंध कुठे आला? इथे स्वयंपाकघरातला डबा कामाला येतो. तांदळाच्या चौकोनी डब्याची लांबी, रुंदी, उंची, तिन्ही दुप्पट केली तर त्यात आठपट तांदूळ मावतो. पण डबा करायला पत्रा लागतो चारपटच. आपण धरून चालतो की आत किती मावणार हे आतल्या जागेवर ठरतं, पत्र्यावर नाही. १९७०च्या दशकात जेकब बेकेनस्टाइन आणि स्टीफन हॉकिंग कृष्णविवरांचा अभ्यास करत होते. कृष्णविवर म्हणजे ज्यातून प्रकाशही बाहेर निसटत नाही अशी जागा. त्यांना आढळलं की कृष्णविवरात किती माहिती मावते हे त्याच्या आतल्या जागेवर नव्हे, तर पृष्ठभागावर ठरतं. म्हणजे हिशेब तांदळाचा नाही, पत्र्याचा.

यावरून १९९३ साली नेदरलँड्सचे जेरार्ड ’ट हूफ्ट यांनी आणि पाठोपाठ अमेरिकेचे लिओनार्ड ससकिंड यांनी मांडलं की कुठल्याही जागेच्या आत जे काही आहे त्याची सगळी माहिती त्या जागेच्या सीमेवर लिहिता यावी. सपाट काचेवर खोलीची माहिती असते तशी. म्हणून होलोग्राम हे नाव. १९९७ साली ह्वान माल्डासेना यांनी गणितात याचं एक चोख उदाहरण दाखवलं. पण ते उदाहरण आपल्या विश्वाचं नाही. ते वेगळ्या घडणीच्या, कागदावरच्या विश्वाचं आहे. आपलं विश्व प्रसरण पावतं, आणि त्याचा वेग वाढतो आहे हे १९९८ साली कळलं. अशा विश्वासाठी ही कल्पना पूर्ण कशी लागू करायची ते अजून कोणाला जमलेलं नाही. अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेत होलोमीटर नावाचं यंत्र उभारलं होतं. चाळीस-चाळीस मीटर लांब बाहूंच्या त्या यंत्रात लेसर सोडून अवकाशात अशी काही थरथर आहे का ते पाहिलं. २०१५ साली निकाल आला. ज्या प्रकारची थरथर ते शोधत होते ती सापडली नाही. एवढ्यानं पूर्ण कल्पना खोटी ठरत नाही, पण ‘सिद्ध झालं’ म्हणायला कुठे जागा उरते?

ही गोष्ट दूरदेशीचीच आहे असंही नाही. ट्रिएस्टच्या जागतिक कीर्तीच्या भौतिकी केंद्राचे संचालक म्हणून २०१९ साली अतीश दाभोलकर यांनी सूत्रं घेतली. ते मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीचे. कृष्णविवरांच्या या हिशेबाची बारीक मोजदाद हाच त्यांचा विषय. आणि मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, या विषयावर जगानं दखल घ्यावी असं काम झालं आहे. २००७च्या डिसेंबरात चौघांचा एक शोधनिबंध आला. त्यात टाटा संस्थेचे शिराज मिनवाला होते, तिथेच पीएच.डी. करणाऱ्या सायंतनी भट्टाचार्य होत्या, आणि इंग्लंडमधून व्हेरोनिका हुबेनी व मुकुंद रंगमणी होते. चौघांत दोघी बायका, हे आपल्या मुलींना मुद्दाम सांगा. त्यांनी दाखवलं की एका बाजूला कृष्णविवराच्या पृष्ठभागावरच्या लहरींचं गणित लिहिलं, तर दुसऱ्या बाजूला वाहत्या द्रवाचं गणित निघतं. एकच गोष्ट, दोन भाषांत.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. होलोग्रामचं तत्त्व हे भाषांतरासारखं आहे. सीमेवरची नोंद आणि आतलं जग या एकाच गोष्टीच्या दोन नोंदी. मराठीतला हिशेब गुजरातीत लिहिला म्हणून मराठीतला खोटा होत नाही, आणि दुकानातला मालही नाहीसा होत नाही. जग आभास आहे असं या तत्त्वात कुठेच आलेलं नाही. ते वाक्य नंतर बाहेरच्यांनी चिकटवलेलं आहे.

आता आपल्या घरात येऊ.

‘सारी माया आहे’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की ते आपलंच वाटायला लागतं. पण आपल्याकडे माया हा शब्द कुठे येतो? क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांत. तिथे मायेचा अर्थ कपट. जग खोटं आहे असा नाही. दिगंबर असो की श्वेतांबर, दोघांनाही मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश आणि काळ ही द्रव्यं सांगितली आहेत, आणि ती आहेत, खरोखर आहेत. लोक कोणी निर्माण केलेला नाही, तसाच तो कोणाचा पडद्यावरचा खेळही नाही. कर्मसुद्धा आपल्याकडे कल्पना नाही, पुद्गल आहे, आणि आत्म्याला ते खरोखर बांधतं. आभासानं बांधता येतं का? आणि तेल्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लागणारी भूक आभास आहे असं कोणी म्हणावं, तर तिनं तेला करून पाहावा.

काही जणी म्हणतील, आपण अनित्य भावना भावतोच ना? शरीर माझं नाही, घर माझं नाही, असं म्हणतोच ना? म्हणतो. पण अनित्य म्हणजे टिकणारं नाही, आणि माझं नाही म्हणजे परकं. खोटं हा अर्थ दोन्हींत नाही. आपल्या फुलचूरच्या भोवती धानाचीच शेतं आहेत आणि गोंदियाला राइस मिलच्या गाड्या दिवसभर जातात. धान भरडलं, तूस गेलं, तांदूळ उरला, त्याचा भात झाला, भात खाऊन संपला. प्रत्येक अवस्था गेली, प्रत्येक अवस्था खरी होती, आणि द्रव्य कुठे नाहीसं झालं नाही. उत्पाद, व्यय, ध्रौव्य हे तिन्ही शब्द पाठशाळेत पोरं पाठ करतात. त्यांना भाताच्या पातेल्याशी नेऊन समजावलं की लगेच कळतं.

संदेशात आणखी एक वाक्य असतं: होलोग्रामच्या तुकड्यात पूर्ण चित्र असतं, तसं प्रत्येकात अख्खं विश्व आहे, म्हणून आपण सारे एकच. ऐकायला गोड आहे, पण हेही आपलं नाही. आपल्याकडे जीव अनंत आहेत आणि प्रत्येक वेगळा आहे. सिद्धशिलेवर गेलेले सिद्धही एकमेकांत विरघळत नाहीत. प्रत्येक जीवात अनंत ज्ञानाची शक्ती आहे हे आपण मानतो, पण ती ज्याची त्याची. कोणा एका मोठ्या चित्राचा तो अंधूक तुकडा नाही. माझं कर्म माझं, तुझं तुझं. म्हणूनच क्षमा मागायची तर एकीला दुसरीच्या दारात जावं लागतं, मग कोणी मिच्छामि दुक्कडम् म्हणो, कोणी उत्तम क्षमा.

जुळतंय असं म्हणणाऱ्यांसाठी अजून एक. होलोग्रामच्या तत्त्वाप्रमाणे ठरावीक जागेत ठरावीकच माहिती मावते, त्याला मर्यादा आहे. आपल्या शास्त्रात आकाशाच्या एका प्रदेशात अनंत परमाणू राहू शकतात. टीकाकारांनी त्याला दिव्यांचा दाखला दिला आहे, एका खोलीत अनेक दिव्यांचा उजेड मावतो तसं. म्हणजे नेमक्या मुद्द्यावर दोघांचं म्हणणं उलट आहे! मला त्याचा त्रास होत नाही. भौतिकीची माणसं मोजमाप करून बोलतात आणि उद्या नवं मोजमाप आलं तर मत बदलतात, तेच त्यांचं ब्रीद आहे. मग आपली श्रद्धा त्यांच्या आजच्या मताला का बांधायची? ते मत बदललं की आपण काय करणार, तीर्थंकरांनाही बदलणार? जिनवाणीला कोणाच्या शिक्क्याची गरज आहे असं ज्याला वाटतं, त्याची श्रद्धाच डळमळीत आहे असं मी म्हणेन.

हे सगळं शब्दांचं भांडण असतं तर मी लिहिलं नसतं. पण दुःखाच्या घरी, तरण्या मुलाच्या आईसमोर बसून, ‘रडू नको, हे सगळं होलोग्राम आहे, विज्ञानानंही मानलं’ असं बोललेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. बोलणारीचा हेतू वाईट नव्हता. पण त्या आईला त्या क्षणी काय कळलं असेल? की तिचा मुलगा नव्हताच? आपला धर्म तिला असं सांगत नाही. तो सांगतो की तुझा मुलगा होता, त्याचा जीव आहे, पर्याय बदलला आहे. तुझं दुःख खरं आहे, आर्तध्यानात बुडू नकोस, आम्ही शेजारी बसतो. यात तिचं काहीच खोटं ठरत नाही.

आणि हे फक्त दुःखाच्या घरापुरतं नाही. सकाळी आपण पाणी गाळतो ते कशासाठी? गाळण्यातली जिवाणी सांभाळून परत पाण्याच्या जागी सोडतो ती कशासाठी? धान्य निवडताना सापडलेली अळी हलक्या हातानं बाहेर का नेऊन ठेवतो? कारण तो जीव खरा आहे, त्याची वेदना खरी आहे, आणि ती माझ्यासारखीच आहे. चित्रातल्या मुंगीवर पाय पडला तर हिंसा होत नाही. जग आभास ठरलं की अहिंसेला उरतं काय? गाळणं एक जुनी सवय होऊन बसेल आणि सूनबाई रास्त प्रश्न विचारेल की मग नळाचं पाणी तसंच का नको. जीवांनी एकमेकांना उपकारक व्हावं हे तत्त्वार्थातलं सूत्र आपल्या जैन प्रतीकाखाली छापलेलं असतं. उपकार करायलाही समोर कोणीतरी खरं असावं लागतं.

म्हणून माझी सूचना साधी आहे. असा संदेश आला तर पुढे पाठवू नका. सिद्ध न झालेलं ‘सिद्ध झालं’ म्हणून सांगणं सत्याणुव्रताला बाधा आणतं, मग ते तोंडानं सांगा की बोटानं. मुलांना विज्ञानाची गोडी लावायची असेल तर पर्युषणानंतर एखाद्या दुपारी गोंदियाच्या धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयातल्या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना मंडळात बोलावू. कृष्णविवर काय, होलोग्राम काय, नीट समजून घेऊ, प्रश्न विचारू. नवल वाटण्यासारखं त्यात भरपूर आहे. आणि लोकस्वरूप शिकायचं ते महाराजांकडून, माताजींकडून, पाठशाळेत. दोन्हींची वही वेगळी ठेवली की दोन्हीकडे मन लागतं. यंदा आपल्या मंडळात कोणी पुढाकार घेणार असेल तर मला कळवा, चहा-पाण्याचं मी बघते. सूर्यास्ताच्या आत आटोपू.