भुऱ्याचा पाय

आमच्या भुऱ्याचा पुढचा डावा पाय येत्या शुक्रवारी खांद्यापासून काढून टाकण्यात येणार आहे. तो नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर असून त्याचे वजन छत्तीस किलो आहे. तीन आठवडे तो लंगडत होता आणि पाय मुरगळला असेल असे समजून आम्ही स्वस्थ बसलो, याची खंत मला कायम राहील. एक्स-रेमध्ये मनगटाच्या वरचे हाड वाळवी लागलेल्या लाकडासारखे दिसले. तपासणीअंती ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग, असे निदान झाले. छातीचा एक्स-रे सध्या स्वच्छ आहे.

ही बातमी नागपूरला कळवली तेव्हा बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मुक्या जनावराला पांगळं करून जगवण्यापेक्षा त्याला सोडव रे." इथल्या एका स्नेह्यांनी दुसरा प्रश्न विचारला: एवढ्या डॉलरमध्ये गावाकडच्या किती मुलांची फी भरली गेली असती? दोन्ही आक्षेप झटकून टाकण्यासारखे नाहीत. महाडच्या ज्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, तिथे 1927 पर्यंत आपल्या माणसांना पाण्याला हात लावता येत नव्हता. कुत्र्यावर होणारा खर्च आपल्या घरांत टोचतो, त्यामागे हा इतिहास आहे आणि मला तो ठाऊक आहे. पण त्या अन्यायाचा जाब भुऱ्याला विचारता येत नाही. मुलांच्या फीसाठी आम्ही दरवर्षी जी रक्कम पाठवतो, ती यंदाही जाईल. आमचा प्रवास मात्र रद्द झाला आहे.

बाबांचा आक्षेप अधिक खोल आहे, कारण त्याच्या मुळाशी करुणाच आहे. परंतु पाय गमावणे म्हणजे प्रतिष्ठा गमावणे, हा माणसाचा विचार आहे. कुत्र्याला लोक काय म्हणतील याची चिंता नसते. त्याला दुखते, आणि दुखतो तो हाच पाय. पोखरलेले हाड एखाद्या साध्या उडीनेही मोडू शकते. पाय काढल्याने ती वेदना थांबते. आजार मात्र बरा होतो असे नाही, आणि हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले. केवळ शस्त्रक्रिया केल्यास साधारण निम्मी कुत्री चार-पाच महिन्यांपलीकडे जात नाहीत. जोडीला केमोथेरपी दिल्यास हा काळ दहा-बारा महिन्यांपर्यंत लांबतो. हे आकडे मी आठ वर्षांच्या मुलीपासून लपवले नाहीत. ती रडली, आणि मग पाय कापताना त्याला कळेल का, असे तिने विचारले.

प्रत्येकाने हाच निर्णय घ्यावा, असे माझे म्हणणे नाही. उरलेल्या तीन पायांचे सांधे झिजलेले असतील, आजार फुप्फुसांत पोहोचला असेल, किंवा पैसाच नसेल, तर शांतपणे निरोप देण्यात काहीही अपराध नाही. मात्र "तीन पायांचा कुत्रा बघवणार नाही" एवढ्याच कारणाने नकार देऊ नये. डॉक्टरांकडून दुसऱ्या सांध्यांची तपासणी आग्रहाने करून घ्यावी. रक्ततपासणी, भूल, पॅथॉलॉजी आणि रात्रभराचा मुक्काम धरून किती खर्च येईल, हे लेखी मागावे. खुंट का ठेवत नाहीत, असे मी विचारले होते. उरलेला भाग तो टेकवू पाहतो, आपटतो आणि जखमी करतो, असे उत्तर मिळाले.

घराची तयारी मला वाटले त्याहून मोठी निघाली. कुत्र्याच्या शरीराचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो; तो आता एकाच पायावर येणार. आमच्या घरातली गुळगुळीत लाकडी फरशी त्याच्यासाठी बर्फासारखी ठरेल. म्हणून पाण्याच्या भांड्यापासून मागच्या दारापर्यंत योगाच्या चटया अंथरल्या आहेत आणि जिन्याला फाटक लावले आहे. भांडी थोड्या उंचीवर ठेवली आहेत. नखे आणि पंजांमधले केस कापून घेतले. उचलायची मूठ असलेला पट्टा आणि गळ्याभोवतीचा कोन त्याला आतापासूनच रोज थोडा वेळ घालतो, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर सगळेच एकदम अनोळखी वाटणार नाही. त्याचा पाय बांधून सराव करवावा, असे कोणीतरी सुचवले होते. दुखऱ्या प्राण्यावर तो प्रयोग आम्ही केला नाही. पहिले दोन आठवडे, टाके निघेपर्यंत, मी त्याच्याशेजारी खाली झोपणार आहे. पहिल्या काही रात्री तो विव्हळेल. त्यातले काही वेदनेमुळे, तर काही औषधांच्या गुंगीमुळे असू शकते, याची कल्पना आम्हाला दिली आहे. एक गोष्ट मात्र सर्वांनी लक्षात ठेवावी: आपल्या डब्यातल्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या कुत्र्याला कधीही देऊ नयेत, त्या जिवावर बेततात.

गुरुवारी मध्यरात्रीनंतर त्याला अन्न नाही, पाणी चालेल. सकाळी सातला पोहोचायचे आहे.

काल बाबांचा पुन्हा फोन आला. शस्त्रक्रियेविषयी त्यांनी काहीच विचारले नाही. "तुमच्याकडची फरशी लई निसरडी आहे ना? आईच्या जुन्या सतरंज्या आहेत दोन, जाड. पाठवू का?" शुक्रवारपर्यंत त्या पोहोचणे शक्य नाही. मी हो म्हणालो.