पदवीनंतरच्या मुक्कामाचा हिशेब

दरवर्षी उन्हाळ्यात माजी विद्यार्थ्यांचे निरोप येतात. कोणी अमेरिकेला निघालेला असतो, कोणी कॅनडाला. आम्हाला त्याचा मनापासून आनंद होतो. आपल्यापैकी अनेकांची घराणी होळकरांच्या काळी चाकरीसाठी इंदूरला आली आणि इथलीच झाली, तेव्हा परगावी जाऊन स्थिरावणे आपल्याला नवे नाही. पण पालकांशी बोलताना एक गोष्ट वारंवार जाणवते. कॉलेज कोणते, फी किती, कर्ज कोणती बँक देते याची चौकशी बारकाईने होते. पदवी हाती आल्यावर तिथे किती दिवस राहता येईल, हे मात्र "गेल्यावर बघू" म्हणून सोडून दिले जाते. आमच्या मते हा प्रश्न कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी विचारला पाहिजे.

शिकण्याची परवानगी वेगळी आणि राहून कमावण्याची परवानगी वेगळी. अमेरिकेचेच घ्या. विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीत, शिक्षण संपवून परत येण्याचा इरादा आहे हे पटवून द्यावे लागते. तसा कायदाच आहे. आणि त्याच संध्याकाळी घरी, मुलगा आता तिकडेच सेटल होणार म्हणून पेढे वाटले जातात!

पदवीनंतर तिथे ओपीटी नावाची १२ महिन्यांची कामाची मुभा मिळते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित या विषयांची पदवी असेल तर २०१६ च्या नियमाप्रमाणे आणखी २४ महिने. म्हणजे संगणकाच्या मुलाला तीन वर्षे आणि इतिहासाच्या मुलीला एकच. अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यावर ६० दिवसांपर्यंतच करता येतो, आणि पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहणे चालत नाही. त्यापुढे एच-१बी. त्याचा अर्ज विद्यार्थ्याने नव्हे, मालकाने करायचा असतो. साऱ्या जगासाठी वर्षाला ६५,००० जागा आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००. अर्ज त्याहून कितीतरी जास्त, म्हणून निवड सोडतीने होते. गुणपत्रिका तिथे कोणी पाहत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून होणाऱ्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची रक्कम लावली गेली, ती आणखी वेगळी. ग्रीन कार्डाचे तर विचारूच नका. कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे, २०२५ च्या अखेरीस भारतीय पदवीधरांच्या मुख्य गटांत २०१३ साली अर्ज केलेल्यांचा नंबर लागत होता.

कॅनडाचा रस्ता सोपा मानला जातो, आणि काही अंशी तो आहेही. पदवीनंतर जास्तीत जास्त तीन वर्षांचा खुला कामाचा परवाना मिळतो, पण आयुष्यात एकदाच. नोव्हेंबर २०२४ पासून त्यासाठी भाषेची परीक्षा लागते आणि कॉलेजांच्या डिप्लोमांपैकी ठरावीक विषयांनाच तो मिळतो. एजंटने "कोणताही कोर्स घ्या, परवाना पक्का" असे सांगितले तर तिथेच उठून यावे. एजंटचे कमिशन प्रवेशावर ठरते, मुक्कामावर नाही.

नियम बदलतात, हे इंग्लंडने आपल्याला चांगलेच दाखवले आहे. शिक्षणानंतर काम करण्याची वाट तिथे २०१२ मध्ये बंद झाली, जुलै २०२१ मध्ये दोन वर्षांसाठी उघडली, आणि १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना, पीएच.डी. सोडून, १८ महिनेच मिळणार असे ठरले. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात आणि बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. मात्र तिथली भाषा शिकण्याची तयारी हवी. आमच्याकडे ती फार थोडी मुले दाखवतात.

हे सारे त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळांवर लिहिलेले आहे. आम्ही हिंदी माध्यमात शिकलेले; तो इंग्रजी मजकूर आम्हाला दोनदा वाचावा लागतो. पण समजतो. पालकांनीही वाचावा, मुलाला शेजारी बसवून.

कर्जाबाबत आमचे मत थोडे कडक आहे. हप्त्याचा हिशेब डॉलरमधल्या पगारावर न करता इंदूरच्या किंवा पुण्याच्या पहिल्या पगारावर करून पाहावा. तो भागत नसेल आणि त्यासाठी राहते घर गहाण टाकावे लागत असेल, तर तो कोर्स आपल्या ऐपतीबाहेरचा आहे. सोडतीत नाव न निघालेला मुलगा परत येईल तेव्हा त्याच्याजवळ पदवी असेल, एक-दोन वर्षांचा अनुभव असेल. त्याला या दोन्हींच्या जोरावर इथे उभे राहता यावे. डोक्यावर घराचे ओझे नसावे. आणि समाजाच्या कार्यक्रमांत "काय, परत कसा आलास?" असे विचारणाऱ्या काका-मावशींनी कृपा करून आधी जेवणाचे विचारावे. या एका प्रश्नाच्या भीतीने मुले तिकडे मुदत संपल्यावरही राहण्याचा विचार करतात. तसे राहिले की पुढचे दरवाजेही बंद होऊ शकतात.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की यंदाच्या करिअर मेळाव्यात एजंटांच्या टेबलांआधी माजी विद्यार्थ्यांना एक तास द्यावा. जे तिथे राहिले त्यांना बोलवावेच, पण जे परत आले त्यांनाही व्यासपीठावर बसवावे. ज्या पालकांकडे प्रवेशपत्र आले आहे त्यांनी ते कर्ज मंजूर होण्याआधी शाळेत घेऊन यावे. आम्ही सोबत बसून वाचू.