खुलभर दुधाचा हिशेब

"ज्याचं प्रारब्ध त्याने भोगायचं असतं. आपण मध्ये पडून काय होणार?"

शेजारी कोणी एकटं, आजारी माणूस असलं की त्याच्याविषयीच्या बोलण्यात हे वाक्य कधीतरी येतंच. नवल याचं की ते बहुधा देवधर्म करणाऱ्यांच्या तोंडून येतं. रोजची पूजा, गुरुवारचा मठ, संकष्टीला चंद्रोदयापर्यंत कडकडीत उपास, एवढं सगळं नेमाने करणारी ही माणसं दुष्ट नसतात. समोरच्या दारामागे जे चाललं आहे त्याचा आपल्या देवघराशी काही संबंध नाही, असं त्यांना मनापासून वाटतं. मला हे मान्य नाही. आणि ज्यांना देवघरच नको आहे त्यांचंही सगळं मला मान्य नाही, पण त्यांच्याकडे मागाहून येतो.

समोर कोण आहे ते आधी स्पष्ट असावं. सत्तरी ओलांडलेली एक निवृत्त शिक्षिका घ्या. मधुमेह जुना, गुडघे गेलेले, इमारत लिफ्ट नसलेली आणि घर तिसऱ्या मजल्यावर. नवरा वारला, मुलगा परदेशात. तिच्या आजारपणाची बातमी सोसायटीच्या ग्रुपवर आली की हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते आणि तासाभरात पाण्याच्या टँकरचा विषय सुरू होतो. अशा काकू किंवा असे आजोबा आपल्यापैकी बहुतेकांच्या जिन्यात आहेत.

आता प्रारब्धाचं. हा सिद्धांत सांगणाऱ्याच्या छातीत रात्री कळ आली तर तो भोग समजून पडून राहतो का? रिक्षा बोलावतो, मेडिक्लेमचं कार्ड शोधतो, ओळखीच्या डॉक्टरला झोपेतून उठवतो. स्वतःच्या नातवाला ताप आला की पूर्वजन्म आठवत नाही, थर्मामीटर आठवतो. म्हणजे सिद्धांत लागू होतो तो फक्त दुसऱ्याच्या उंबरठ्याच्या आत. शिवाय त्या बाईचं दुखणं तिच्या कर्माने आलं हे क्षणभर धरून चाललो, तरी नेमक्या तिच्याच समोरच्या फ्लॅटमध्ये तुम्ही राहायला आलात ते कोणाच्या कर्माने? हिशेब मांडायचाच असेल तर पुरता मांडा. गाडगेबाबांनी गावोगाव कीर्तनं केली आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. तिथे खोली देताना कोणी पूर्वसंचिताचा दाखला मागत नाही.

दुसरं म्हणणं यापेक्षा मऊ आहे आणि म्हणून जास्त फसवं आहे. "मी त्यांच्यासाठी रोज जप करते." करा. पण श्रावणातल्या सोमवारी आपण जी कहाणी वाचतो ती जरा लक्ष देऊन वाचा. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा होता. दवंडी पिटली आणि सगळ्या गावाने घरातलं दूध नेऊन ओतलं. वासरांना राहिलं नाही, पोरांना राहिलं नाही, गाभारा मात्र भरेना. दुपारी एक म्हातारी आली. तिने घरची कामं उरकली होती, मुलंबाळं जेवू घातली होती, लेकीसुनांना तृप्त केलं होतं, गाईवासरांना चारा घातला होता, आणि मग उरलेलं खुलभर दूध घेऊन ती निघाली होती. तिने ते ओतलं आणि गाभारा भरला.

या कहाणीतले गावकरी कंजूष नाहीत, नास्तिक तर नाहीतच. त्यांनी भरपूर दिलं. गाभारा रिकामा राहिला तो त्या दुधावर ज्यांचा पहिला हक्क होता ते उपाशी राहिले म्हणून. गेली कित्येक वर्षं ही कहाणी घरोघर वाचली जाते, ऐकणारे हातातल्या अक्षता वाहतात, आणि जिना उतरताना काकूंच्या बंद दारावरून पुढे जातात.

यावर एक चलाख उत्तर येईल: म्हातारीने आपलं घर पाहिलं, शेजार कुठे पाहिला? पुंडलिकानेही स्वतःच्याच आईबापांचे पाय चेपले. बरोबर आहे. पण पुंडलिकाने सेवेपायी प्रत्यक्ष देवाला विटेवर थांबवलं आणि देव थांबला, यावर ज्या महाराष्ट्राचं अवघं पंढरपूर उभं आहे, त्याने तरी पाय कोणाचे होते यावर कीस काढू नये. आपल्या त्या शिक्षिकेचा पुंडलिक न्यू जर्सीत आहे. तो दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो, पैसे पाठवतो, आणि तिथून तिला पाण्याचा तांब्या उचलून देऊ शकत नाही. त्याला दूषणं देणं सोपं आहे. आपल्यातल्या निम्म्यांची मुलं उद्या तिथेच असणार आहेत.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. ते म्हणतात, यात धर्म आणूच नका, हे काम व्यवस्थेचं आहे. १०८ वर रुग्णवाहिका आहे, ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी पोलीस ठाण्याने ठेवावी अशी तरतूद आहे. हे सगळं हवंच, आणि चोख चालावं म्हणून भांडायलाही हवं. पण रुग्णवाहिका कोणीतरी फोन केल्यावर येते. न्हाणीघरात पडलेल्या बाईचा मोबाइल बैठकीच्या खोलीत असतो. त्या कायद्याने मुलांवर आणि वारस नातेवाइकांवर चरितार्थाची जबाबदारी टाकली आहे, शेजाऱ्यावर काहीही टाकलेलं नाही, आणि टाकूही नये. कायदा जिथे संपतो आणि माणूस मात्र शिल्लक राहतो, तेवढ्या जागेत धर्माला काम आहे.

ते असंही म्हणतील की मदत करायला देव लागत नाही. नाहीच लागत. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपला मुलगा यशवंतराव यांच्या दवाखान्यात गेल्या, त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. त्या कोणत्या मूर्तीपुढे बसत नव्हत्या. पण आपण सगळे एकाच निर्मिकाची लेकरं आहोत हा सत्यशोधकांचा विचार त्यांच्या मागे उभा होता, हेही विसरता येत नाही. मदतीवर आस्तिकांची मक्तेदारी आहे असा माझा दावा नाही. माझा दावा फार लहान आहे, आणि तो भावनेबद्दल नसून नेमाबद्दल आहे.

दीर्घ आजारात करुणा फार पुरत नाही. पहिल्या आठवड्यात सगळेच येतात, शहाळी येतात, सल्ले येतात. तिसऱ्या महिन्यात कोणी येत नाही, कारण आता त्यात नवं काही नसतं. त्याच तक्रारी, तेच रडगाणं. खरं सांगायचं तर आजारी माणूस पुष्कळदा कंटाळवाणं आणि चिडकंही असतं. इन्सुलिन घेणाऱ्या बाईला मात्र जेवण वेळेवरच लागतं. टोचून घेतलं आणि डबा उशिरा आला तर साखर उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं बरळल्यासारखं होतं. तेव्हा शुद्धीत असताना साखर किंवा गूळपाणी द्यायचं, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करायचा. हे माहीत असलेला आणि रोज त्या वेळेला दारात असणारा माणूस हवा, मन भरून आलेलं असो वा नसो.

रोज, ठरल्या वेळी, मनाची लहर न विचारता करायची गोष्ट आपल्या साध्या माणसांना कोणी शिकवली? पारायणाला बसणाऱ्या बाईला कंटाळा येत नाही का? येतो. तरी ती सातव्या दिवशी पोथी संपवते. वारकरी पायाला फोड आला म्हणून फलटणहून परत फिरत नाही. चातुर्मासात घेतलेला नेम कार्तिकीपर्यंत निभावतो. शिस्तीचं एवढं मोठं भांडवल घराघरांत पडून आहे आणि आपण ते कांदा-वांगं सोडण्यावर खर्च करतो! या चातुर्मासात वांगं खा आणि सकाळी आठ वाजता समोरची बेल वाजवायचा नेम धरा. मी हे थट्टेने लिहीत नाही.

इथे उत्साही भक्तांना थोडं आवरायला हवं. एकादशी म्हणून मधुमेही काकूंपुढे प्रेमाने साबुदाण्याच्या खिचडीची वाटी ठेवणं ही सेवा नव्हे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, साखर भराभर चढते. अंगारा लावायचा तर त्यांची इच्छा असेल तर लावा, पण "त्या गोळ्या सोडा, श्रद्धा ठेवा" हे वाक्य उच्चारू नका. श्रद्धा तुमची, रक्तदाब त्यांचा. आणि त्यांच्या घरात जाऊन त्यांना चार उपदेश ऐकवण्याची संधी साधू नका. अंथरुणावरचं माणूस उठून जाऊ शकत नाही, हे लक्षात ठेवा. उलट त्यांच्याकडून काही घ्या. मेथी निवडायला द्या, तुमच्या मुलाला मराठीचं पुस्तक घेऊन त्यांच्याकडे पाठवा. पुण्य मिळवण्याची जागा होऊन बसणं कोणालाच आवडत नाही.

राहता राहिला व्यवहारी माणूस, जो हळूच म्हणतो, "एकदा हात दिला की गळ्यात पडतं." ही भीती खोटी नाही. म्हणून एकट्याने घेऊ नका. चार घरांनी वाटून घ्या: एकाकडे किल्ली, एकाकडे दुपारचा डबा, एकाकडे औषधांची चिठ्ठी आणि मुलाचा नंबर, एकाकडे लाइटबिल आणि गॅस. बँकेचे व्यवहार आणि दागिने यांना कोणीच हात लावायचा नाही, ते मुलानेच पाहायचं. रात्री कोणी थांबायची वेळ आली तर पगारी बाई लावा म्हणून त्याला स्पष्ट सांगायचं. एवढी रेघ आखली की गळ्यात काही पडत नाही.

सुरुवात एका साध्या कामाने करता येईल. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. न दिल्यास पेन्शन थांबते. जिना न उतरता येणाऱ्या माणसासाठी पोस्टमन घरी येऊन तो करून देतो, मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो होतो, पण हे अनेक वृद्धांना ठाऊक नसतं. तुमच्या मजल्यावर असं कोणी असेल तर यंदा त्यांना विचारा, दाखला दिला का. आणि त्यासाठी नोव्हेंबर उजाडायची वाट पाहू नका.