आधी काच बघा, मग बल्ब!

बाबांची दहा-बारा वर्षं जुनी गाडी हातात आली की आपण आधी काय करतो? म्युझिक सिस्टिम. मग सीट कव्हर. आणि पावसाळ्यात रात्री घाटात पुढचं वळण दिसेनासं झालं की थेट गॅरेज, ‘दादा, पांढरा एलईडी टाका!’ थांबा जरा. दिवसाउजेडी गाडीसमोर उभं राहा. हेडलाइट मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा पिवळट, धुरकट दिसतोय? मग बल्बला कशाला दोष देताय?

आपण काच म्हणतो, पण ते असतं पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लॅस्टिक. दगड लागला तरी सहज फुटत नाही, उन्हातल्या अतिनील किरणांपुढे मात्र हार मानतं. म्हणून कंपनी त्यावर संरक्षक थर देते. तो झिजला की पिवळेपणा सुरू. अमेरिकेतल्या ‘एएए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये अशा जुन्या दिव्यांची चाचणी घेतली, तेव्हा लो-बीमवर नव्या दिव्याच्या जेमतेम २२ टक्के उजेड मिळाला. अशा काचेमागे जास्त ताकदीचा बल्ब लावला, की उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी चहूकडे फाकतो. तुम्हाला धड दिसत नाहीच, वर समोरच्या बाइकवाल्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. (तो बहुतेक तुमच्याच कॉलेजचा असतो!)

टूथपेस्टचं रील सगळ्यांनी पाहिलंय. खोटं नाही ते, अर्धवट आहे. टूथपेस्टने वरवरचा पिवळेपणा घासला जातो, फोटो झकास येतो. पण संरक्षण काहीच नसल्याने काही महिन्यांत पुन्हा तेच. नीट करायचं तर रविवारची एक सकाळ द्या. आजूबाजूच्या पत्र्याला मास्किंग टेप लावा. पाणी मारत आधी ८००, मग १५००, मग ३००० नंबरचा वॉटर पेपर फिरवा. काच आधीपेक्षा पांढरी दिसेल, घाबरू नका. पॉलिश केलं की स्वच्छ होते. आणि पूर्ण सुकल्यावर यूव्ही क्लिअर कोट. माझं भांडण आहे ते इथेच. दुकानदार घासून चमकवून देतात, आपण खूश होऊन पैसे देतो आणि कोटचं विचारतच नाही. विचारा. नुसतं वॅक्स लावलं असेल तर ते अधूनमधून पुन्हा लावावं लागतं.

पिवळेपणा आतून असेल किंवा तडे गेले असतील, तर घासत बसू नका. तिथे दिवाच बदलावा लागतो.