‘सकाळी बघू’ म्हणू नका

मैत्रिणींनो, मृग लागायच्या आत आपण बरण्या भरतो, गाद्या उन्हात घालतो, छत्र्यांच्या काड्या बदलून आणतो. त्याच यादीत यंदा भिंतीच्या भेगा बुजवण्याचं कामही घाला. कारण जरा लांबचं आहे, एका विषाणूच्या पोटातलं, पण ऐका.

आमची एकोडी भंडारा जिल्ह्यातली, धानाच्या मुलखातली. रोवणीच्या दिवसांत घरची बाई दिवसभर बांधीत आणि लेकरं आजीपाशी. नेमक्या याच महिन्यांत चांदीपुरा ताप मुलांना गाठतो. नाव परकं नाही, नागपूरकडच्या चांदीपुऱ्याचंच आहे. १९६५ साली तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला तो सापडला. पुढे बरीच वर्षं त्याची फारशी चर्चा झाली नाही. मग २००३ च्या पावसाळ्यात आंध्रात मेंदूज्वराची ३२९ मुलं नोंदली गेली, त्यांतली १८३ दगावली. २००७ मध्ये आपल्या नागपूर विभागात साथ आली, २०२४ मध्ये गुजरातेत. संध्याकाळी खेळणारं पोर रात्री तापानं फणफणतं, झटके येतात, शुद्ध हरपते, आणि एक-दोन दिवसांत सगळं संपूही शकतं.

एवढी घाई याला जमते कशी? मी शास्त्राची नव्हे, बी. ए. झालेली, पण शाळेत बदली तासाला पेशीचं चित्र फळ्यावर काढते, तेच इथे काढते. पेशी म्हणजे एक वाडा समजा. माजघरात, म्हणजे पेशीकेंद्रात, सगळ्या पाककृतींची वही कुलपात. लागेल ती कृती चिठ्ठीवर उतरवून दारातून स्वयंपाकघरात पाठवायची, तिथे प्रथिनं शिजतात. विषाणू घरात शिरला की पेशी ‘इंटरफेरॉन’ची चिठ्ठी पाठवते. ही शेजारणींना घातलेली हाक: चोर आलाय, कड्या लावा!

या विषाणूजवळ प्रथिनं मोजून पाच. त्यांतलं एक, मॅट्रिक्स प्रथिन, त्याच्या कवचाला आतून अस्तर देतं. पण घरात शिरल्यावर तेच माजघराच्या दारात ठाण मांडतं आणि चिठ्ठ्या बाहेर पडू देत नाही. शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये हे प्रयोगात दाखवलं. हाक घशातच अडकते. विषाणूचं मात्र काही अडत नाही, कारण त्याचा सगळा स्वयंपाक बाहेरच, दाराशी त्याला देणंघेणंच नाही! (आमच्या आळीतल्या एका जाऊबाईंची मला इथे आठवण होते, पण ते असो.) शरीराची दुसरी फौज, प्रतिपिंडं, पुरेशी तयार व्हायला आठवडा जातो. आजार तितकं थांबत नाही.

म्हणून घरातल्या हाकेवर विसंबू नका, ती दाबली गेलेली असू शकते. या तापावर लस नाही, नेमकं औषधही नाही. पण झटके थांबवणं, मेंदूची सूज उतरवणं, श्वासाला आधार देणं हे दवाखान्यात होतं, आणि त्याला तास मोजावे लागतात. पावसाळ्यात मुलाला एकाएकी चढता ताप आला आणि सोबत उलट्या, झटका किंवा गुंगी दिसली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन करा. सासूबाई ‘दृष्ट काढू’ म्हणाल्या तर मीठ-मोहऱ्या गाडी येईपर्यंत ओवाळून घ्या, भांडत बसू नका. झटका आला की पोराला कुशीवर वळवा. कांदा-चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा नको, तोंडात पाणीही नको. आणि मुलाच्या तापाला ॲस्पिरिन कधीच नको.

हा विषाणू आणते वालुमाशी. डासाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी, गुणगुणत नाही, जमिनीलगत टुणटुण उडते, संध्याकाळनंतर चावते. दिवसा ती भिंतीच्या भेगांत दडते; ओलसर माती आणि शेण-केरात तिच्या अळ्या वाढतात. म्हणून भेगा शेणानं नव्हे, माती-चुन्यानं लिंपा. उकिरडा आणि गोठा झोपायच्या जागेपासून लांब ठेवा. शहरातल्या बंगल्यात राहणाऱ्यांनीही कोपऱ्यातल्या जुन्या विटांचा ढीग आधी हलवावा. मुलांना खाटेवर झोपवा, अंगभर कपडे घाला. आणि मच्छरदाणी घेताना जाळी डोळ्याला लावून बघा: नेहमीच्या भोकांतून ही माशी आरामात आत येते. दुकानदाराकडे बारीक विणीची किंवा औषध लावलेलीच मागा.