रायफल घेण्यापूर्वी

खजराना आता इंदूर शहरात सामावले. परंतु माळव्याच्या उरल्या शेतांत नीलगाय आणि आमच्या बागायतीत रानडुक्कर पिकाचा घास हिरावतातच. बेताच्या पैशांत बोल्टची नवी रायफल घ्यावयाची, तर शेतकऱ्याची नजर ईशापूरच्या सरकारी कारखान्याच्या .३१५ बोअरकडे वळते. मात्र १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली. शस्त्राचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची मुभा नव्हे. ती वनखात्याने लेखी द्यावी लागते. १९५९ चा शस्त्र कायदाही पीकरक्षणासाठी नाव घेतो ते ठासणीच्या बंदुकीचे. मग कर्ज काढून रायफल कशाला? तो पैसा कुंपणात घालावा, असे आम्ही सुचवितो. सरकारने मात्र नुकसानभरपाई वेळेवर द्यावी. अन्यथा हा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच उरणार नाही.